गव्हर्नर आल्टगेल्ड यांचे माफीपत्र

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वकिलीचा धंदा आणि राज्यकारभार यांचा जितका निकटचा संबंध आहे, तितका तो अन्य देशांत क्वचितच आढळेल. १८३१ साली त्या देशात प्रवास केलेल्या तॉकव्हिल या फ्रेंच ग्रंथकाराने असे नमूद करून ठेवले आहे की, जेथे सरदार-जहागीरदारांचा वर्गच अस्तित्वात नाही, तेथे त्या वर्गाचे स्थान वकील आणि न्यायाधीश यांनी पटकावले आहे. बहुतेक घटकराज्यांत सरकारी वकील आणि न्यायाधीश हे मतदारांच्या कौलानेच नेमले जात असल्यामुळे, एखाद्या आडगावी सनद मिळवून कचेरी थाटणाऱ्या तरुणाला निवडणुकीची सवय धंद्याच्या पहिल्या पायरीवरच जडे, आणि तेथून कायदेमंडळ व पुढे गव्हर्नरपद ही वाट त्याला परकी वाटत नसे. वकिली आणि राजकारण यांची अशीच सांगड लिंकन यांनीही घातली, आणि तीही इलिनॉय राज्यातच. परंतु या वाटेवर चालणाऱ्या बहुतेकांची वकिली राजधानीच्या वेशीपाशीच मागे पडे. पुढे उरे तो केवळ पक्षाचा पुढारी. याच इलिनॉय राज्याचे १८९३ ते १८९७ या काळातील गव्हर्नर जॉन पीटर आल्टगेल्ड यांच्या बाबतीत मात्र उलट घडले. गव्हर्नरच्या आसनावर बसूनही त्यांच्यातील वकील कधी उठून गेला नाही; समोर आलेले दफ्तर अखेरच्या कागदापर्यंत वाचायचे आणि निर्णय द्यायचा तो कारणांसहित द्यायचा, ही आपली सवय त्यांनी सोडली नाही, आणि त्या सवयीची किंमत म्हणून त्यांचे गव्हर्नरपद अवघ्या चार वर्षांत संपुष्टात आले.

आल्टगेल्ड यांचा जन्म ३० डिसेंबर १८४७ रोजी जर्मनीतील नासाऊ प्रांतात, नीडरसेल्टर्स या खेड्यात झाला. ते तान्हे असतानाच आईबापांनी त्यांना घेऊन अमेरिका गाठली आणि ओहायो राज्यात मॅन्सफील्ड शहराच्या आसपास शेतीवर संसार मांडला. घरची गरिबी, वडिलांचा कडक स्वभाव आणि शाळेपेक्षा नांगराशी अधिक परिचय, अशा स्थितीत वाढलेला हा मुलगा १८६४ साली, यादवी युद्ध ऐन भरात असताना, शंभर दिवसांच्या मुदतीवर भरती झालेल्या ओहायोच्या एका पलटणीत दाखल झाला. व्हर्जिनियात तापाने त्याला गाठले, आणि त्या तापाने शरीरात जे घर केले ते त्याच्या प्रकृतीवर आयुष्यभर भार होऊन राहिले. युद्धानंतर काही काळ शाळामास्तरकी करून आल्टगेल्ड पश्चिमेकडे निघाले, वाटेत रेल्वेमार्गावर मजुरी केली, पुन्हा आजारी पडले, आणि अखेर मिसूरी राज्यातील सॅव्हाना या लहानशा गावी येऊन स्थिरावले. त्या काळी वकिलीचे शिक्षण घेण्यासाठी महाविद्यालयाची पायरी चढण्याची सक्ती नव्हती. एखाद्या वकिलाच्या कचेरीत बसून ग्रंथ वाचावेत आणि न्यायाधीशांच्या तोंडी परीक्षेस उतरावे, एवढे पुरे होई. १८७१ साली त्यांना सनद मिळाली. ते प्रथम गावचे वकील झाले आणि १८७४ मध्ये, रेल्वे कंपन्यांच्या दरांमुळे त्रासलेल्या शेतकऱ्यांच्या पाठिंब्यावर, काउंटीचे सरकारी वकील म्हणून निवडून आले. परंतु एवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. दुसऱ्याच वर्षी राजीनामा देऊन ते शिकागोस आले.

१८७१ च्या भयंकर आगीनंतर शिकागो शहर पुन्हा उभे राहत होते, आणि जमिनीचे भाव दिवसेंदिवस वाढत होते. आल्टगेल्ड यांनी वकिलीत साठवलेला पैसा जमीनजुमल्यात घातला आणि त्यात त्यांना अमाप यश आले. पुढे भर बाजारपेठेत त्यांनी उभारलेली ‘युनिटी’ ही सोळा मजली इमारत म्हणजे त्यांच्या वैभवाचा कळसच होता. ज्या मनुष्याला पुढे वृत्तपत्रांनी संपत्तीचा वैरी आणि अराजकवादी म्हणून रंगवले, तो मनुष्य स्वतः शहरातील मोठ्या मालमत्तादारांपैकी एक होता, ही गोष्ट त्यांचे चरित्र वाचताना दृष्टीआड होऊ देता कामा नये.

याच सुमारास, १८८४ साली, त्यांनी तुरुंग आणि फौजदारी न्यायव्यवस्थेवर एक छोटेखानी पुस्तक लिहिले. सरकारी वकील म्हणून जे पाहिले त्यावरून त्यांचे मत असे बनले होते की, फौजदारी न्यायाचे यंत्र गुन्हेगार सुधारण्याऐवजी गुन्हेगार घडवते. त्यात सापडणारे बहुसंख्य लोक गरीब असतात, गुन्हा शाबीत होण्यापूर्वीच कित्येकांना कोठडीची हवा खावी लागते, आणि केवळ दंडाची रक्कम भरता येत नाही म्हणून तुरुंगात जाणारा मनुष्य बाहेर येतो तो पहिल्यापेक्षा बिघडूनच. या पुस्तकाची एक प्रत ओहायोतील ॲश्टाब्यूला या गावी वकिली करणाऱ्या क्लॅरेन्स डॅरो नावाच्या एका तरुणाच्या हाती पडली. हाच तरुण १८८७ साली शिकागोस आला, आल्टगेल्ड यांचा स्नेही झाला, आणि पुढे अमेरिकेतील सर्वांत विख्यात फौजदारी वकील म्हणून नावाजला. आल्टगेल्ड मात्र तोपर्यंत न्यायासनावर जाऊन बसले होते. १८८६ मध्ये कुक काउंटीच्या वरिष्ठ न्यायालयावर ते निवडून आले आणि सुमारे पाच वर्षे त्यांनी न्यायदान केले.

त्याच १८८६ सालच्या मार्च महिन्यात डॉ. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून पदवीधर झाल्या आणि तो समारंभ पाहण्यास पंडिता रमाबाई अमेरिकेत येऊन दाखल झाल्या. दोन महिने उलटले नाहीत तोच शिकागोत असा प्रकार घडला की, त्याचे पडसाद साऱ्या जगातील कामगारवर्गात उमटले. आठ तासांच्या कामाच्या दिवसासाठी १ मेपासून देशभर संप सुरू झाले होते. ३ मे रोजी मॅकॉर्मिक यांच्या कापणीयंत्रांच्या कारखान्यापाशी पोलिसांनी गोळीबार केला. त्याच्या निषेधार्थ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हेमार्केट चौकानजीक सभा भरली. शहराचे मेयर कार्टर हॅरिसन स्वतः सभेस हजर राहिले, सभा शांततेने चालली आहे असे इन्स्पेक्टर बॉनफील्ड यांना सांगून ते घरी परतले, पाऊस येऊ लागला म्हणून श्रोतेही पांगू लागले. आणि अशा वेळी बॉनफील्ड आपली तुकडी घेऊन सभेवर चालून गेले. अंधारातून कोणीतरी बाँब फेकला. त्या स्फोटात आणि त्यानंतर उसळलेल्या गोळीबारात सात पोलीस व कित्येक नागरिक प्राणास मुकले. बाँब कोणी फेकला हे कधीच निष्पन्न झाले नाही. तथापि आठ अराजकवादी कामगार पुढाऱ्यांवर खुनाचा खटला चालवण्यात आला. न्यायाधीश जोसेफ गॅरी यांच्यापुढे ज्यूरीसाठी ९८१ माणसांची विचारपूस झाली आणि निवडलेल्या बारा जणांनी आठही आरोपींना दोषी ठरवले. ११ नोव्हेंबर १८८७ रोजी स्पाइस, पार्सन्स, फिशर आणि एंगेल हे चौघे फासावर गेले. आदल्याच दिवशी लिंग याने कोठडीत आत्महत्या केली होती. फील्डन आणि श्वाब यांची फाशी तत्कालीन गव्हर्नर ओगल्स्बी यांनी जन्मठेपेवर आणली, आणि नीबे याला आरंभापासूनच पंधरा वर्षांची शिक्षा होती. हे तिघे जोलिएटच्या तुरुंगात दिवस कंठू लागले.

१८९२ च्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाने गव्हर्नरपदासाठी आल्टगेल्ड यांना उभे केले. शाळांतून इंग्रजीची सक्ती करणाऱ्या १८८९ च्या कायद्यामुळे जर्मन मतदार अगोदरच क्षुब्ध होते, आणि जर्मनीत जन्मलेल्या या उमेदवारामागे ते एकदिलाने उभे राहिले. यादवी युद्धानंतर इलिनॉयमध्ये प्रथमच डेमोक्रॅटिक गव्हर्नर निवडून आला, आणि परदेशी जन्मलेला तो पहिलाच. नव्या गव्हर्नरांपुढे जोलिएटच्या तिघा कैद्यांच्या सुटकेचा अर्ज होताच, आणि त्यावर हजारो नागरिकांच्या सह्या होत्या. सह्या करणाऱ्यांत अनेक प्रतिष्ठित व्यापारी आणि पेढीवालेही होते, कारण शहराचा क्षोभ सहा-सात वर्षांत निवला होता आणि आता उदारता दाखवण्यात कोणासही धोका दिसत नव्हता. या मंडळींची अपेक्षा सरळ होती: कैद्यांना शिक्षा पुरेशी भोगून झाली आहे, राज्याच्या दयाबुद्धीस अनुसरून त्यांना सोडावे, आणि प्रकरण मिटवावे. तसे केले असते तर आल्टगेल्ड यांना कसलीही झळ पोचली नसती. उलट थोरपणाचा लौकिक पदरात पडला असता.

त्यांनी तसे केले नाही. प्रकृती ढासळलेली असताना त्यांनी खटल्याचे सारे दफ्तर मागवले, साक्षीपुरावा पुन्हा तपासला, नवीन प्रतिज्ञालेख गोळा केले, आणि २६ जून १८९३ रोजी तिघांनाही बिनशर्त माफी देऊन तिच्यासोबत एक प्रदीर्घ लेख प्रसिद्ध केला. आदल्याच दिवशी वॉल्डहाइमच्या स्मशानभूमीत फाशी गेलेल्यांच्या स्मारकाचे अनावरण झाले होते. माफीपत्राच्या आरंभीच आल्टगेल्ड यांनी स्पष्ट केले होते की, हे कैदी खरोखरच अपराधी असतील तर त्यांच्याबद्दल दया दाखवण्याचे काही एक कारण नाही. प्रश्न आहे तो त्यांच्यावर झालेला खटला न्यायाने झाला की नाही, एवढाच. यानंतर त्यांनी एकेक मुद्दा अपील न्यायालयाच्या निकालपत्राप्रमाणे हाती घेतला. ज्यूरीची नावे नेहमीप्रमाणे पेटीतून चिठ्ठ्या काढून न घेता, खास नेमलेल्या बेलिफाने हवी ती माणसे हाकारून आणली, आणि आरोपींना नको असलेलीच माणसे आपण आणीत आहोत अशी बढाईही मारली. आपले मत अगोदरच बनले आहे असे कबूल करणारे लोकसुद्धा ज्यूरर म्हणून पात्र ठरवण्यात आले. बाँब फेकणारा कोण हे ठरले नसताना, त्याने आरोपींचे भाषण ऐकून किंवा लिखाण वाचूनच तो फेकला हे कसे ठरवले, याचा पुरावा कोठेच नाही. नीबेविरुद्ध खटलाच उभा राहत नाही, हे सरकार पक्षालाही ठाऊक होते. न्यायाधीश गॅरी यांनी आरोपींविषयी पूर्वग्रह मनात ठेवून खटला चालवला. इतकेच म्हणून आल्टगेल्ड थांबले नाहीत; बाँब हे अराजकवाद्यांच्या कटाचे फळ नसून, संपाच्या काळात बॉनफील्ड यांच्या पोलिसांनी केलेल्या मारहाणीचा कोणीतरी घेतलेला सूड असण्याचाच संभव अधिक आहे, असे त्यांनी लिहिले.

या लेखाने लोकमताचा जो उद्रेक झाला त्याला अमेरिकेच्या इतिहासात तोड सापडणे कठीण. माफी लोकांनी सहन केली असती. परंतु न्यायालयाने निरपराध माणसांना फासावर दिले, असे राज्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्याने सहीनिशी लिहून द्यावे, ही गोष्ट प्रतिष्ठित समाजाला असह्य झाली. वृत्तपत्रांनी त्यांना अराजकवादी ठरवले, व्यंगचित्रकारांनी त्यांच्या हाती पेटती मशाल दिली, त्यांच्या परकीय जन्माचा उद्धार झाला, आणि न्यायाधीश गॅरी यांच्याविषयीच्या जुन्या आकसाचा आरोपही झाला. या शेवटच्या आरोपात कितपत तथ्य होते याची चर्चा चरित्रकारांनी केली आहे. लेखातील गॅरींवरील भागाची भाषा निकालपत्राच्या संयमाला काही ठिकाणी सोडून गेली आहे, हे मात्र निष्पक्षपाती वाचकाला मान्य करावे लागेल. वकील जिंकण्यासाठी बोलतो आणि न्यायाधीश पटवण्यासाठी लिहितो. आल्टगेल्ड यांच्या लेखणीत हे दोघे एकाच वेळी वावरत होते.

माफीपत्राच्या गदारोळात त्यांच्या कारभाराची इतर कामे झाकोळून गेली. १८९३ सालीच त्यांनी कारखान्यांविषयीच्या नव्या कायद्यावर सही केली. त्यान्वये चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात कामास ठेवण्याची मनाई झाली आणि स्त्रियांच्या कामाचा दिवस आठ तासांचा ठरला. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळून तेव्हा तीनच वर्षे झाली होती, हे लक्षात घेतले म्हणजे दोन्ही खंडांत हा प्रश्न एकाच वेळी कसा पिकत होता याची कल्पना येते. कायद्याची अंमलबजावणी करण्यासाठी मुख्य कारखाना निरीक्षक म्हणून आल्टगेल्ड यांनी फ्लॉरेन्स केली या विदुषीची नेमणूक केली. जेन ॲडम्स यांच्या हल हाउस या सेवाकेंद्रात त्या राहत असत, आणि सरकारी वकील खटले भरण्यास चालढकल करतात असे पाहून त्यांनी स्वतःच कायद्याचा अभ्यास करून पदवी घेतली. परंतु १८९५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, करार करण्याच्या स्वातंत्र्यास बाध येतो या कारणावरून, आठ तासांचे कलम रद्दबातल ठरवले. त्याच वर्षी शिकागोच्या ट्रामवाहतुकीचे मालक चार्ल्स यर्कीझ यांनी कायदेमंडळाकडून मंजूर करून घेतलेली दीर्घ मुदतीच्या मक्त्याची विधेयके आल्टगेल्ड यांनी नामंजूर करून परत पाठवली. राज्याच्या विद्यापीठाला आणि शिक्षक-प्रशिक्षण शाळांना त्यांनी सढळ हाताने अनुदान दिले. त्यांच्या आवडीच्या किल्लेवजा बांधणीच्या इमारती इलिनॉयच्या महाविद्यालयांतून आजही उभ्या आहेत आणि त्यांपैकी काहींना त्यांचे नाव आहे.

दुसरा मोठा प्रसंग १८९४ च्या उन्हाळ्यात आला. शिकागोच्या दक्षिणेस रेल्वेचे शयन-डबे बांधणाऱ्या पुलमन कंपनीची स्वतःची वसाहत होती. मंदीच्या लाटेत कंपनीने मजुरी सुमारे चतुर्थांशाने उतरवली, पण कामगारांच्या घरांचे भाडे मात्र तसेच ठेवले. मे महिन्यात कामगारांनी संप केला. जूनअखेर युजीन डेब्ज यांच्या अमेरिकन रेल्वे युनियनने पुलमन डबे जोडलेल्या गाड्यांवर बहिष्कार पुकारला आणि पश्चिमेकडील रेल्वेवाहतूक जागच्या जागी थांबली. संघ सरकारचे ॲटर्नी जनरल रिचर्ड ओल्नी हे पूर्वाश्रमीचे रेल्वे कंपन्यांचे वकील. टपाल अडते आणि आंतरराज्य व्यापार खोळंबतो, या कारणावरून त्यांनी न्यायालयाकडून मनाई हुकूम मिळवला, आणि राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी ४ जुलैच्या सुमारास शिकागोत लष्कर उतरवले. राज्याच्या गव्हर्नरने मागणी केली नव्हती. त्यांना विचारलेही नव्हते.

क्लीव्हलंड हे आल्टगेल्ड यांच्याच पक्षाचे, त्यामुळे मौन बाळगणे सोयीचे होते. परंतु राज्यघटनेच्या चौथ्या अनुच्छेदात, अंतर्गत दंगलीपासून राज्याचे संरक्षण संघ सरकार करील ते राज्याच्या कायदेमंडळाच्या किंवा कार्यकारी प्रमुखाच्या विनंतीवरून, असे शब्द आहेत; आणि वकील असलेल्या गव्हर्नरांना ते शब्द डावलवेनात. ५ जुलै रोजी त्यांनी राष्ट्राध्यक्षांना लांबलचक तार केली. राज्याची शिबंदी पुरेशी आहे, तिची मागणी झाली तेथे ती तत्काळ पाठवली आहे, रेल्वेगाड्या थांबल्या आहेत त्या मुख्यतः कंपन्यांना कामगार मिळत नाहीत म्हणून; अशा स्थितीत न मागता आलेली फौज म्हणजे स्थानिक स्वराज्याच्या तत्त्वावर आघात आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. क्लीव्हलंड यांचे उत्तर त्रोटक होते. दुसऱ्या दिवशी आल्टगेल्ड यांनी पुन्हा युक्तिवाद केला, तेव्हा ही वेळ चर्चेची नसून कृतीची आहे, अशा आशयाचे उत्तर देऊन राष्ट्राध्यक्षांनी पत्रव्यवहार संपवला. फौज आल्यानंतर दंगल शमण्याऐवजी भडकली आणि शेकडो डबे जाळण्यात आले. अखेर मेयरच्या मागणीवरून आल्टगेल्ड यांनी शिबंदी पाठवली. संप मोडला, डेब्ज यांना मनाई हुकूम मोडल्याबद्दल सहा महिन्यांची कैद झाली. त्यांच्या बचावासाठी डॅरो रेल्वे कंपनीची वकिली सोडून आले होते, पण १८९५ मध्ये संघाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सरकारचा पक्ष उचलून धरला. तत्पूर्वी, १८९४ च्या ऑगस्टमध्येच, आल्टगेल्ड स्वतः पुलमन वसाहतीत गेले, उपाशी कुटुंबांची घरे त्यांनी पाहिली आणि शिकागोच्या नागरिकांना मदतीचे आवाहन केले.

क्लीव्हलंड यांच्याशी हिशेब चुकता झाला तो १८९६ साली शिकागोत भरलेल्या पक्षाच्या अधिवेशनात. ‘मनाई हुकुमांचे राज्य’ या पद्धतीचा निषेध करणारा जाहीरनामा तेथे मंजूर झाला आणि क्लीव्हलंड यांचे धोरण त्यांच्याच पक्षाने झिडकारले. या साऱ्यामागे आल्टगेल्ड यांचा हात होता. परंतु त्यांना स्वतःला राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळणे अशक्य होते, कारण राज्यघटना ते पद देशात जन्मलेल्यांनाच खुले ठेवते. उमेदवारी विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांना मिळाली, आणि रिपब्लिकन प्रचारकांनी ब्रायन यांच्यामागे आल्टगेल्डचे भूत उभे करून मतदारांना भेडसावले; थिओडोर रूझवेल्ट यांनीही शिकागोत येऊन त्यांच्यावर आग पाखडली. ब्रायन हरले आणि आल्टगेल्डही हरले. नव्या गव्हर्नरांच्या अधिकारग्रहणसमयी निरोपाचे भाषण करण्याचा शिष्टाचारही त्यांच्या वाट्यास येऊ दिला गेला नाही. १८९३ च्या आर्थिक अरिष्टाने त्यांची मालमत्ता अगोदरच गिळली होती. युनिटी इमारतही हातची गेली. १८९९ मध्ये मेयरपदाची निवडणूक लढवून त्यांनी आणखी एक पराभव पदरात घेतला, आणि मग डॅरो यांच्या कचेरीत ते पुन्हा वकिलीस बसले. ११ मार्च १९०२ रोजी जोलिएट येथे बोअर लोकांच्या बाजूने भाषण करताना त्यांना झटका आला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा अंत झाला.

आल्टगेल्ड यांचे जवळजवळ सारे दावे त्यांच्या हयातीत फेटाळले गेले. पुढील पिढीत मात्र त्यांतील बहुतेकांना कायद्यात स्थान मिळाले. संपाविरुद्ध मनाई हुकूम काढण्याच्या न्यायालयांच्या अधिकारावर १९३२ च्या कायद्याने मर्यादा घातली; बालमजुरी आणि कामाचे तास यांविषयी संघ सरकारने १९३८ मध्ये कायदा केला; आणि शिकागोच्या त्या संपाचा १ मे हा दिवस जगभर कामगार दिन म्हणून पाळला जाऊ लागला, ज्या दिवशी योगायोगाने महाराष्ट्र राज्याचीही स्थापना झाली. परंतु काळाने त्यांना सर्वस्वी बरोबर ठरवले, असे म्हणणे धाडसाचे होईल. १९५७ मध्ये लिटल रॉक येथील शाळेत कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश मिळू नये म्हणून अर्कान्साच्या गव्हर्नरने राज्याची शिबंदी दारात उभी केली, आणि राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी न मागितलेली फौज पाठवून त्या मुलांना वर्गात नेले. राज्याच्या अधिकाराचा जो युक्तिवाद १८९४ मध्ये उपाशी मजुरांच्या कैवाराने झाला होता, तोच येथे अन्यायाच्या संरक्षणास धावून आला. तेव्हा आल्टगेल्ड यांचे मोठेपण त्यांच्या प्रत्येक निष्कर्षात शोधू नये. माफीचा अधिकार हा जगातील बहुतेक राज्यव्यवस्थांत असा अधिकार आहे की, तो वापरणाऱ्यास कारणे द्यावी लागत नाहीत, आणि म्हणूनच सत्ताधीशांना तो सोयीचा वाटतो. आल्टगेल्ड यांनी ही सोय नाकारली. आपला निर्णय त्यांनी कारणांनिशी लोकांपुढे मांडला, त्या कारणांची उलटतपासणी करण्याची संधी आपल्या शत्रूंना दिली, आणि तिचा जो निकाल मतपेटीतून लागला तो तक्रार न करता पत्करला. वकिलाने राज्यकर्ता झाल्यावर आपल्या धंद्यातून सोबत न्यावे असे काही असेल, तर ते हेच होय.